प्रकरण सतरावे : तिनेकेची जीभ आणि घराची किंमत

मूल्यांकनाच्या दिवशी सकाळी सहा वाजता तिनेकेने जेवणाचं टेबल उलटं फिरवलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

उलटं म्हणजे पाय वर करून नव्हे. खिडकीकडची बाजू भिंतीकडे गेली आणि भिंतीकडची खिडकीकडे आली, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या घरात एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण गौडा शहरातल्या या वस्तीची जमीन भुसभुशीत, दलदलीवर भराव घातलेली. इथली घरं म्हाताऱ्या माणसांसारखी दरवर्षी थोडीथोडी खचतात. तिनेकेचं, म्हणजे वेरकाउलांचं, घर तर साठ वर्षांत कालव्याकडे चांगलंच झुकलेलं. त्यावर तिच्या बाबांनी एक उपाय काढला होता. दर पाच-सहा वर्षांनी ते करवत घेऊन बसायचे आणि टेबल, पलंग, कपाट, जे सापडेल त्याचे चढाच्या बाजूचे पाय बोटभर कापायचे. जमीन तिरकी, पण सामान सरळ. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि बाबा त्यावर नाचून दाखवत होते.

आता टेबल उलटं फिरवलं की आखूड पाय उताराच्या बाजूला येणार. म्हणजे घराचा कल अधिक टेबलाचा कल. तिनेकेने मधोमध एक उकडलेलं अंडं ठेवून पाहिलं. ते घरंगळत गेलं, टेबलावरून पडलं आणि पार खिडकीखालच्या भिंतीशी जाऊन थांबलं. तिला फार समाधान वाटलं. तिने तेच अंडं सोलून खाल्लं.

घर वाईट दिसणं ही तिची गरज होती. बाबा फेब्रुवारीत गेले. घर तिघा भावंडांचं झालं. रुलॉफ आणि मार्येट कधीच बाहेर पडलेले, आणि मधली तिनेके मात्र अठ्ठावन्न वर्षांत या घराबाहेर सलग तीन आठवडेसुद्धा राहिलेली नाही. ईस्टरला तिघांचं जे भांडण झालं, त्याच्या शेवटी ठरलं ते असं : मूल्यांकन करणारा जो आकडा सांगेल तो सगळ्यांनी मान्य करायचा. त्या आकड्याला तिनेकेला जमलं तर तिने दोघांचे वाटे देऊन घर ठेवावं, नाही तर घर विकायला काढायचं. बँकेने तिला सांगून ठेवलं होतं, तीन लाख नव्वद हजारांपर्यंत जमेल, त्यावर एक युरो नाही. या वस्तीत हल्ली कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा चार लाख मागतात.

दुसरं एक कलम होतं. मूल्यांकन करणाऱ्यासमोर घराबद्दल बरं किंवा वाईट, कुणी काही बोलायचं नाही. हे धाकट्या मार्येटने कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या होत्या. टेबल फिरवायचं नाही असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं.

साडेआठला रुलॉफ आला. वय त्रेसष्ट, पोट पुढे, आणि हातात दोन पिशव्या.

"काय आणलंस?" तिनेकेने विचारलं.

"काही नाही. दिवे. जरा जास्त उजेडाचे."

"आणि या मेणबत्त्या?"

"व्हॅनिलाच्या आहेत. वासाने माणूस प्रसन्न होतो."

"मला प्रसन्न करायला आणल्यास?"

"तुला प्रसन्न करायला मेणबत्त्यांचा अख्खा कारखाना पेटवावा लागेल." तो आत आला आणि दारातच थांबला. नजर टेबलाकडे गेली. त्याचं बालपणही याच घरात गेलं होतं. टेबल चुकीचं लागलंय हे त्याला लांबूनच कळलं. "अगं ए! हे काय केलंयस?"

"केर काढला."

"केर काढताना टेबल फिरतं?"

"नीट काढला तर फिरतं."

त्याने टेबल पुन्हा होतं तसं केलं, हात झटकले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचं जड कपाट ढकलायला लागला. तिनेके त्याच्या मागे गेली.

"ते कुठे नेतोस?"

"मागच्या भिंतीला. इथे शोभत नाही."

"भेगेवर ठेवतोयस तू ते!"

"कसली भेग? मला काही दिसत नाही," कपाट भेगेवर नेमकं बसवत रुलॉफ म्हणाला. "आणि तू ओरडून सांगायचं नाहीस. कलम दोन."

रुलॉफला चार चाकांवरचं घर घ्यायचं होतं. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं असलेली गाडी. ती घेऊन तो पोर्तुगालला जाणार होता. त्या गाडीचा फोटो त्याच्या फोनवर होता आणि बायकोच्या फोटोपेक्षा मोठा होता. घराचा आकडा जितका वर जाईल तितकी गाडी लांब होणार होती.

दोघं वरच्या मजल्यावर दिव्यांवरून भांडत असताना मार्येट असेन गावाहून आली. ती तिकडे पाणी महामंडळात सभांची इतिवृत्तं लिहिते, आणि घरी आली तरी सभा संपल्यासारखं तिला वाटत नाही. तिने पाहिलं, रुलॉफची पिशवी टेबलावर, टेबलाखाली पाय ओढल्याचे ताजे ओरखडे, आणि वरून भांडणाचा आवाज. तिने निष्कर्ष काढला की रुलॉफने टेबलाशी काहीतरी लबाडी केली आहे. न्यायाने वागायचं म्हणून तिने ते नीट न बघताच गुपचूप फिरवून ठेवलं आणि आपली फाइल उघडून बसली.

म्हणजे टेबल पुन्हा चुकीचं लागलं. पण तिनेकेला वाटत होतं ते रुलॉफने सरळ केलंय, रुलॉफलाही तसंच वाटत होतं, आणि मार्येटला वाटत होतं ते तिने सरळ केलंय.

बरोबर दहाला बेल वाजली.

मूल्यांकन करणारा इप्मा हा उत्तरेकडच्या फ्रीसलंडचा माणूस. उंच, वाळका, पन्नाशीचा. तिकडच्या माणसाला एक वाक्य उसनं मागितलं तर तो अर्धंच देतो. त्याने सायकल कुंपणाला लावली, बूट पुसले, सगळ्यांशी हात मिळवला आणि म्हणाला, "इप्मा."

"कॉफी?" तिनेकेने विचारलं.

"चालेल."

कॉफीशिवाय इथे कुणी कुणाचं प्रेतही तपासत नाही. सगळे टेबलाभोवती बसले. तिनेकेने कप मांडले, आणि ती किटली ठेवायला वळली तेवढ्यात चारही कप शांतपणे, ओळीने खिडकीच्या दिशेने निघाले.

रुलॉफने दोन धरले. मार्येटने एक धरला. चौथा इप्माने टेबलाच्या काठावर अलगद झेलला.

कुणीही काही बोललं नाही. कलम दोन होतं ना. सगळ्यांनी आपापला कप एका हाताने धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने साखर घातली. चमचे घसरले, ते मांडीवर घेतले. तिनेकेने रुलॉफकडे पाहिलं, रुलॉफने मार्येटकडे पाहिलं, आणि मार्येटने दोघांकडे असं पाहिलं की अशा गुन्हेगारांच्या घरात आपण जन्मलोच कशा.

"हवा बरी आहे," रुलॉफ म्हणाला.

"हं," इप्मा म्हणाला.

तिनेकेने बिस्किटांचा डबा उघडला आणि फिरवला. प्रत्येकाने एक घेतलं. तिने झाकण लावलं. आईच्या वेळेपासून, आईच्या आईच्या वेळेपासून, सबंध देशात हे असंच चालतं : एक कॉफी, एक बिस्किट, झाकण. यात कंजुषी नाही, ही सभ्यता आहे. झाकण लागल्यावर डब्याकडे बघणारं मूल त्या दिवशी लवकर झोपायला जातं.

आणि रुलॉफने हात पुढे करून ते झाकण काढलं.

"अजून एक घ्या ना, इप्मासाहेब," तो गोड आवाजात म्हणाला.

मार्येटचं पेन थांबलं.  आई असती तर तिने पोटच्या पोराला ओळख दिली नसती.

इप्मा डब्याकडे बघत राहिला. मग त्याने कप उचलला, जमिनीवर ठेवला, आणि त्या सकाळचं पहिलं लांब वाक्य बोलला.

"सत्तावीस वर्षं झाली मला या कामात. दुसरं बिस्किट आजवर एकदाच कुणी दिलं होतं. त्या घराला मागची भिंत नव्हती."

"छे छे, आमच्या घराला आहे की भिंत!" रुलॉफ म्हणाला.

"कलम दोन," मार्येट पुटपुटली.

"जमिनीखाली जायची झडप कुठे आहे?" इप्माने विचारलं, आणि उभा राहून खिशातून विजेरी काढली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं रुलॉफच्या मनात होतं आणि ते बिस्किटांच्या डब्यातून बाहेर आलं. पाचच मिनिटांत इप्मा ओसरीतल्या झडपेतून घराखालच्या बुटक्या पोकळीत उतरला. वर नुसती त्याची टोपी राहिली, तीही थोड्या वेळाने दिसेनाशी झाली.

"तुला काय गरज होती रे?" मार्येट कुजबुजत ओरडली.

"आदरातिथ्य केलं!"

"तू? तुझ्या लग्नात पाहुण्यांनी स्वतःचे डबे आणले होते."

"आणि टेबल कुणी फिरवलं?"

"तू फिरवलंस, ते मी सरळ केलं."

"मी सरळ केलेलं तू फिरवलंस, शहाणे!"

 तिनेकेचं काम आपोआप होत होतं. ती फक्त दोघांना अजून एकेक कॉफी देऊ लागली, बिस्किटाशिवाय.

तेवढ्यात मागच्या दाराने योपीमावशी आली. ती समोरच राहते. चौऱ्याऐंशीची आहे, आणि तिच्या खिडकीला बाहेरून एक आरसा लावलेला आहे, ज्यात रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंतचं सगळं दिसतं. गल्लीत कुणी शिंकलं की मावशी "देव भलं करो" म्हणायला पोचलेली असते.

"सायकलवाला आत जाऊन पाऊण तास झाला," ती म्हणाली. "कुठाय?"

रुलॉफने झडपेकडे बोट दाखवलं. मावशीने गुडघ्यावर हात ठेवून त्या भोकात डोकं घातलं.

"अहो! ऐकू येतं का? फार वाईट घर आहे हे! माझी सख्खी बहीण याच घरात सर्दीने गेली!"

"मावशी, आई सायकलवरून पडून गेली," तिनेके म्हणाली.

"सर्दी झाली होती म्हणून पडली. नाक पुसायला हात सोडला तिने."

"मार्येट, थांबव हिला!" रुलॉफ म्हणाला. "नियम आहे!"

मार्येटने फाइल चाळली. "मावशीची सही नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ती बोलू शकते."

"बघ!" मावशी म्हणाली आणि पुन्हा भोकात वाकली. "आणि शेजारी बासरी वाजवतात! दोघं नवरा-बायको! वेगवेगळी गाणी!"

तिला कळकळीने सांगण्याचं कारण होतं. दर गुरुवारी पत्त्यांच्या डावात तिनेके तिची जोडीदार असते, आणि गेली अकरा वर्षं ही जोडी चर्चच्या सभागृहात कुणाला जिंकू देत नाही. घर विकलं तर इथे ॲमस्टरडॅमचा कुणीतरी येईल, समोरचं कुंपण काळ्या रंगाने रंगवेल आणि पत्त्यांऐवजी योगासनं करेल, हे मावशीला स्वप्नात दिसलं होतं. "मरायच्या आधी मला असली माणसं दाखवू नकोस," ती देवाला आणि तिनेकेला सारखंच बजावत असे.

इप्मा वर आला तेव्हा त्याचे गुडघे ओले होते आणि कानावर कोळ्याचं जाळं होतं. मग तो जिना चढला, माळा बघितला, भिंतींवर बोटांनी टकटक केलं, खोल्या मोजल्या. रुलॉफने लावलेल्या झगझगीत दिव्यांच्या उजेडात छताचा प्रत्येक डाग स्वच्छ दिसत होता. तासाभराने तो येऊन बसला. टेबल एव्हाना मार्येटने, एकदाचं, सर्वांसमक्ष, सरळ केलं होतं.

"लेखी अहवाल आठवड्याने येईल," तो म्हणाला. "पण आकडा मी तोंडावर सांगतो. तशी सवय आहे."

तिनेकेने टेबलाखाली हात घट्ट धरले. तीन नव्वद, ती मनात म्हणत होती, फक्त तीन नव्वदच्या खाली राहू दे.

"खाली ओल आहे. कल बराच आहे. जिना खडा आहे. वयाच्या मानाने ठीक." इप्माने वहीत पाहिलं. "तीन पंच्याहत्तर."

मावशीने टाळी वाजवली आणि लगेच ती माशी मारल्यासारखी करून दाखवली. रुलॉफच्या चेहऱ्यावरून ती पोर्तुगालची गाडी हळूहळू मागे मागे गेली आणि दिसेनाशी झाली. तिनेकेला एकदम हलकं वाटलं. उद्याही ती याच खिडकीत बसून सकाळची कॉफी पिणार होती. परवाही. घर तिचं झालं होतं, आता फक्त गप्प बसायचं होतं.

इप्मा उठता उठता टेबलाच्या पायाकडे वाकला आणि त्याने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"घरभर बघतोय मी हे," तो म्हणाला. "पलंग, कपाटं, खुर्च्या. कुणीतरी आळशी माणूस दिसतो. घराकडे बघायचं सोडून सामानाचे पाय कापत बसला."



रुलॉफ बोलला नाही. मार्येट बोलली नाही. मावशीसुद्धा बोलली नाही, आणि तिला ते जड गेलं असणार. तिनेके दोन श्वास गप्प बसली, तिसरा तिला जमला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा रोग.

"आळशी?" ती म्हणाली.

"तिनेके," मार्येट म्हणाली.

"आळशी म्हणालात तुम्ही? कुणाला? माझ्या बाबांना?"

"तिनेके, बाळा, बस खाली," मावशी म्हणाली.

"बाबांनी या घराकडे लक्ष दिलं नाही? बाबांनी? जे स्वतःच्या वाढदिवसाला छपरावर होते? आई खालून ओरडत होती केक कापा म्हणून, आणि ते वरून म्हणाले तूच काप, मी कौलं लावतोय!" ती ताडताड न्हाणीघरात गेली. कपडे धुण्याच्या यंत्राचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक जाडजूड हिरवी फाइल होती. ती तिने स्वतःच काल यंत्रात लपवली होती. "हे बघा! छप्पर पूर्ण नवं, पाच वर्षांपूर्वी. सांडपाण्याचे नळ रस्त्यापर्यंत नवे. खिडक्यांना दुहेरी काचा, भिंतींत थंडीचं अस्तर. आणि हे वाचा, हे! नगरपालिकेने खालचे लाकडी खांब तपासले, अजून चाळीस वर्षं उभे राहतील म्हणून लिहून दिलंय. शिक्का आहे! घराचा कल थांबलाय, कळलं? नऊ वर्षं झाली, बाबांनी करवत हातात घेतली नव्हती, कारण कापायची गरजच उरली नव्हती!"

इप्माने फाइल घेतली. त्याने प्रत्येक कागद वाचला. दहा मिनिटं झाली. तिनेके कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी होती, गाल लाल, आणि शिक्क्यावर आल्यावर ती बोटाने दाखवत होती, "हा. हा बघा."

"हं," इप्मा शेवटी म्हणाला. "हे मला माहीत नव्हतं. आळशी हा शब्द मी मागे घेतो."

"घ्यायलाच हवा."

"मग हिशेबच बदलला." त्याने वहीत पंच्याहत्तर खोडलं. "चार लाख दहा."

 तिनेकेचे हात कमरेवरून खाली आले.

"गेलं," योपीमावशी म्हणाली. "घर हातात होतं बाई, आणि तोंडाने घालवलंस."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात. तिनेकेने तो आधी धुऊन, पुसून, शिक्का मारून घेतला होता. ती खुर्चीवर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते थांबवलंही नाही. गंमत अशी की बोललेला एकही शब्द तिला परत घ्यावासा वाटत नव्हता. आताही इप्मा पुन्हा आळशी म्हणाला असता तर तिने पुन्हा ती फाइल आणली असती. हेच तर वाईट होतं.

मार्येटने पेन उचललं. "आकडा चार लाख दहा हजार," ती लिहीत बोलू लागली, "तिन्ही वारसांना..." तिचा आवाज चिरकला. "मला नाही लिहिता येत. रुलॉफ, तू लिही. तुझंच भलं झालंय."

रुलॉफने पेन घेतलं नाही. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुम्हाला कळलं का काय झालं?" तो म्हणाला. "तो बाबांना आळशी म्हणाला. बाबांची बाजू घेण्यात माझा फायदा होता. नुसतं फाइल कुठाय एवढं विचारलं असतं तरी किंमत वर गेली असती. आणि मी गप्प बसलो. माझ्या तोंडून एक शब्द नाही निघाला." त्याने नाक पुसलं. "हिचं सगळं घर जात होतं, आणि ही बोलली."

"मी काही मुद्दाम नाही बोलले," तिनेके हुंदके देत म्हणाली. "निघून गेलं तोंडातून."

"तेच म्हणतोय ना मी, मठ्ठ! माझ्या नाही गेलं!"

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. भांड्यांच्या कपाटाला खांदा लावून त्याने जोर केला आणि कपाट किंकाळी मारत बाजूला सरकलं.

"इप्मासाहेब, इकडे या. हे मी सकाळी लपवलं."

भेग जमिनीपासून छतापर्यंत होती. योपीमावशीने तिच्यात हात घातला तो मनगटापर्यंत गेला. बोटं हलवून ती म्हणाली, "बाहेर वारा आहे."

"दुसरं बिस्किट," इप्मा म्हणाला, फारसं आश्चर्य न वाटता. त्याने गुडघे टेकून विजेरी मारली. "मुख्य घरापासून हा भाग सुटतोय. स्वयंपाकघर पाडून बांधावं लागेल."

"वर अजून एक आहे," रुलॉफ म्हणाला. "गेल्या रविवारी मी लांबी भरून रंग दिला."

"गेल्या रविवारी तू म्हणालास फुलांना पाणी घालायला आलोय!" तिनेके ओरडली.

"न्हाणीघराच्या फरशीखालीही पोकळ वाजतं," मार्येट म्हणाली. तिने कलम दोनवर सरळ रेघ मारली होती. "चालताना कळतं."

"माळ्यावर कबुतरं येतात," रुलॉफ म्हणाला.

"येतात कसली, राहतात!" मावशी म्हणाली. "नातवंडं झाली त्यांना."

रुलॉफ, मार्येट आणि मावशी, तिघांना आता कोण उत्साह आला होता. एक सांगायचा, दुसरा त्याहून वाईट आठवून काढायचा. इतक्या वर्षांत ही दोघं भावंडं तिनेकेच्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती, आणि राहिली ती बापाच्या घराची लाज काढायला. तिनेके मधे उभी राहून ऐकत होती आणि तिच्या कानशिलावरची शीर उडत होती.

इप्मा टेबलाशी येऊन बसला. त्याने नवं पान काढलं. एकेक ओळ मोठ्याने म्हणत तो लिहू लागला.

"छप्पर, चांगलं. खांब, चांगले. मागचा भाग, धोकादायक."

रुलॉफ तिनेकेच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने तिच्या पायावर आपला पाय ठेवला. दाबून.

"स्वयंपाकघर, निकामी."

याच स्वयंपाकघरात तिने बाबांना चौदा वर्षं वाटाण्याचं सूप करून घातलं होतं. तिने ओठ मिटले. मार्येटने दुसऱ्या बाजूने तिचा हात धरला.

"माळा, कबुतरं. न्हाणीघर, शंकास्पद." पेन क्षणभर थांबलं. इप्माने खिडकीतून बाहेर पाहिलं. "बाग. लहान. दुर्लक्षित."

बाग. जिच्यात ती रोज पहाटे चप्पल न घालता जायची. जिच्यात बाबांच्या खुर्चीमागे तिने सात जातींचे गुलाब लावले होते, आणि खचणाऱ्या जमिनीवर दर तीन वर्षांनी स्वतः वाळू ओतून, प्रत्येक रोप हाताने उचलून, पुन्हा वर लावलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. रुलॉफने तिच्या पायावर आता दोन्ही पाय ठेवले. मावशीने डोळे मिटून कसलीशी प्रार्थना सुरू केली. तिनेकेचं तोंड उघडलं. 

"काही म्हणायचंय?" इप्माने विचारलं. पेन हवेतच होतं.

तिनेकेने तोंड मिटलं. एवढं जड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. जीभ दातांवर धडका मारत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने नाही अशी मान हलवली. मग घाईघाईने पुन्हा एकदा हलवली, कारण पहिली पुरेशी झाली नसेल असं तिला वाटलं.

"ठीक," इप्मा म्हणाला आणि लिहिलं. "एकूण, तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार."

त्याने खाली सही केली. तारीख घातली. कागद फुंकला.

"सही झाली?" तिनेकेने विचारलं. 

"झाली."

"आता बदलता येत नाही?"

"नाही."

"मार्येट, तुझं लिहून झालं?"

"तिन्ही वारसांना मान्य," मार्येट रडत रडत म्हणाली. "झालं."

तिनेकेने रुलॉफचे दोन्ही पाय आपल्या पायावरून ढकलले, त्याच्या टकलाचा ओला, मोठा मुका घेतला आणि ती उठली. तिने मागचं दार उघडलं आणि इप्माचं कोपर धरलं.

"या."

"कुठे?"

"बागेत. टोपी राहू द्या, उन्हं आहेत. हा पहिला गुलाब, हा बाबांनी आईला लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा दिला, हा याच जागी चार वेळा खचला आणि चार वेळा मी तो वर काढला. खाली वाका, मुळापाशी बघा. याला तुम्ही काय म्हणालात? पुन्हा म्हणा. दुर्लक्षित? मला नीट समजावून सांगा, माझ्याकडे वेळ आहे."

इप्मा वाकला. सात गुलाब होते आणि ती पहिल्यावर होती. स्वतःच्या बागेत उभी राहून तिनेके बोलत होती, आणि आता कितीही बोलली तरी तिला इथून कुणी उठवणार नव्हतं.